उलटायचा तास

शनिवारी शेवटचा तास खेळाचा.
वेळापत्रकात मी त्यापुढे खडूने लिहिलं : उलटणे.
मुख्याध्यापक थांबले, चष्मा पुसला,
आणि काही न विचारता पुढच्या वर्गावर गेले.

चांगदेवच्या खाली पूर्णा तापीला भेटते,
पण दोघी बराच वेळ एकमेकींशी बोलत नाहीत.
एक काळ्या रानाची, गढूळ,
दुसरी जराशी हिरवट, आपल्याच तोऱ्यात.
तिथे हतनूरच्या फुगवट्यावर आमच्या चार कयाक,
पिवळ्याजर्द.
"मॅडम, आज कोणती केळी माझी?"
जैनूर तडवी रावेरकडचा, त्याला दुसरं काय आठवणार.
बापासारखे खांदे आहेत त्याचे, घड वाहणारे.
कयाकला खांदे पुरत नाहीत, कंबर लागते,
हे त्याला नदीने अकरा वेळा सांगितलं.

काठावर सुकलाल तायडे जाळं सांधत बसतात.
अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं
सुके भोपळे पोटाला बांधून.
आमचं वल्हं त्यांनी हातात घेऊन दोन्हीकडून पाहिलं.
"दोनी बाजूले तोंड! मांडूळ व्हय हे, बाई."

मी शिकवत होते :
उलटलात तर आधी पुढे झुका,
नावेच्या पोटावर तीन थापा मारा, सावकाश,
म्हणजे वरच्यांना कळेल की तुम्ही शुद्धीवर आहात.
मग पट्टा ओढा. मग बाहेर.
दुर्गी बारेलाने हात वर केला.
पालच्याही पुढच्या पाड्यावरची ती,
झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरलेली.
"तुम्ही उलटल्या का कधी?"

माझ्याकडे प्रमाणपत्र होतं.
परीक्षा तोंडी झाली होती,
टंचाईचं वर्ष, धरणात पाणी नव्हतं.

घड्याळ जैनूरकडे दिलं आणि उलटले.

खाली सगळं तांबूस होतं,
दूध पडण्याआधीच्या चहासारखं.
कुठल्यातरी केळीबागेचा मोटरपंप धडधडत होता,
त्याचा आवाज पाण्यातून येऊन
माझ्या बरगड्यांना टेकत होता.
थापा विसरले.
पट्टा सापडेना, मग सापडला.
वर आले तेव्हा नाकात दोन्ही नद्या होत्या.

पोरं गप्प. जैनूर म्हणाला, "नऊ सेकंद."
सुकलाल हसले नाहीत.
"पान्याले भ्याचं नाही असं कोन म्हने?
भ्याचं. पन वयखून भ्याचं."

विभागीय स्पर्धा पौषात झाली. पाचशे मीटर.
इतरांच्या नावा बोरूसारख्या बारीक,
आमची केळी त्यांच्या रांगेत पाहुण्यासारखी.
दुर्गी चौथी होती, मग तिसरी.
चारशेच्या पुढे सातपुड्याकडून वारा आडवा आला
आणि ती आडवी झाली.
काठावर बायका ओरडल्या.
बचावाच्या बोटीचं इंजिन खोकलं, लागेना.
आणि मग मला ऐकू आलं,
वाऱ्यातून, ओरड्यातून,
कुणी परक्या घराचं दार वाजवावं तसं अदबीने
ठक.
ठक.
ठक.

निकालाच्या फळ्यावर तिच्या नावापुढे एक आडवी रेघ.
ती नाव ओढत काठाला आली,
वेणीतून पाणी निथळत,
रेघेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
"मॅडम, तीन वाजवले मी. मोजले का?"
मोजले होते.
त्यासाठी कुठल्या रकान्यात आकडा लिहायचा
हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या शनिवारी सुकलाल जाळं बाजूला ठेवून उठले.
"एक डाव ते केय मलेबी दे."
बसले. मांडुळाचं एकच तोंड पाण्यात घातलं,
दुसरं पूर्ण वेळ कोरडं,
आणि दोन पाण्यांच्या सांध्यावरून
सरळ रेघेत पलीकडे गेले.
पोरं माझ्याकडे बघत होती.
हा तास माझा नव्हता.